मदत हवी आहे: मनोरुग्ण वॉर्डात पेशंट अंगावर आला तर नेमकं काय करायचं?

रातपाळी (धागाकर्ता)

नमस्कार. एरवी मी इथे नुसता वाचत असतो, आज अडचण आहे म्हणून धागा काढला.

मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेला नर्स आहे. आधी आयसीयूत होतो, आता एका खाजगी मनोरुग्णालयात पुरुष वॉर्डला. नाव-गाव विचारू नका. रात्री पस्तीसेक पेशंट, एक स्टाफ नर्स आणि दोन मामा (वॉर्डबॉय). डॉक्टर ऑन-कॉल, म्हणजे फोनवर.

गेल्या आठवड्यात माझी सुट्टी होती त्या रात्री एका पेशंटने आमच्या मामांच्या तोंडावर ठोसा मारला. नाकाचं हाड मोडलं. शेजारच्या वॉर्डातून माणसं आली, चौघांनी त्याला पालथं पाडलं, एक जण पाठीवर बसला, सेरेनेस-फिनर्गनचं (शांत करायचं) इंजेक्शन दिलं आणि चादरी पिळून खाटेला बांधलं. सकाळी मी ड्युटीवर आलो तेव्हाही तो बांधलेलाच. केसपेपरवर एकच ओळ: 'पेशंट व्हायलंट. इंजेक्शन गिव्हन.'

मामांची बाजू मला कळते. पगार केवढा, जोखीम केवढी. नाकाला पट्टी लावून ते कामावर हजर आहेत आणि म्हणतात, "ब्रदर, धाक पाहिजे. नाहीतर उद्या तुमचा नंबर."

आयसीयूत असला प्रकार कधी शिकवला नाही, इथेही नाही. पेशंट चिडणार हे आधी कळतं का? धरायची वेळ आलीच तर कसं धरायचं? बांधायचं का, कोणाच्या सांगण्यावरून, किती वेळ? आणि रात्री तीन माणसांत हे सगळं जमवायचं कसं? पुस्तकी नको, ज्यांनी काम केलंय त्यांनी सांगा.

बंड्या_चावडीवाला

पोलीस बोलवा, विषय संपला. हॉस्पिटल स्टाफवर हात उचलला तर अजामीनपात्र गुन्हा आहे.

कलमबहाद्दर

बंड्याभाऊ, कायदा आहे. महाराष्ट्रात २०१० चा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. पण तो दगडफेक करणाऱ्या नातेवाइकांसाठी कामाला येतो. आजारामुळे आपण काय करतोय हेच ज्याला त्या क्षणी कळत नाही, त्याचं कृत्य गुन्हा ठरत नाही. पूर्वी भादंवि कलम ८४ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम २२. मामांच्या उपचाराचा खर्च आणि पगारी रजा मालकाकडून घ्या, तिथे जोर लावा.

बांधण्याबद्दल सविस्तर लिहितो, जरा वेळ द्या.

डॉ_नि

मी मानसोपचारतज्ज्ञ. धरणं-बांधणं नंतर बघू. आधी सांगा, हा पेशंट कधी भरती झाला होता? निदान काय? त्या संध्याकाळी कसा दिसत होता?

रातपाळी

सर, दोन दिवस आधी भरती. 'बायकोवर संशय, चिडचिड' म्हणून घरच्यांनी आणलं. संध्याकाळच्या स्टाफला विचारलं तर म्हणे घामाघूम होता, हात थरथरत होते, सारखा येरझारा घालत होता, तंबाखू मागत होता. रात्री भिंतीवरचे नसलेले किडे झटकायला लागला. मामांना आधी गंमत वाटली. खाटेवर बसवायला गेले आणि ठोसा बसला.

डॉ_नि

दारू किती प्यायचा ते कोणी विचारलं होतं का? हे वर्णन दारू अचानक तुटल्यावर होणाऱ्या डेलिरियमचं, म्हणजे भ्रमाचं आहे. शेवटच्या पेल्यानंतर साधारण ४८ ते ९६ तासांत हे सुरू होतं. थरथर, घाम, वाढलेली नाडी, नसलेले किडे-उंदीर दिसणं, आपण कुठे आहोत याचा पत्ता नसणं. माणूस भीतीने मारतो. बसवायला आलेला मामा त्याला कोण दिसला असेल, देव जाणे.

ही मेडिकल इमर्जन्सी आहे, यात माणूस दगावतो. इथे मुख्य औषध बेन्झोडायझेपिन, म्हणजे लोराझेपाम, डायझेपाम किंवा लायब्रियम, आणि जोडीला थायमिनची इंजेक्शनं. नुसतं सेरेनेस देऊन झोपवलं तर मूळ आजार तसाच राहतो आणि फिट येण्याचा धोका वाढतो. अशा माणसाला पालथं दाबून पाठीवर बसणं तर फारच वाईट. आधीच धाप, ताप, पाणी कमी झालेलं. डोस इथे लिहीत नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम. पण आत्ता त्या पेशंटची अवस्था काय आहे?

रातपाळी

दुसऱ्या दिवशी राउंडला सरांनी लायब्रियम आणि थायमिन सुरू केलं. चार दिवसांत माणूस पार बदलला. त्याला काही आठवत नाही. मामांचं नाक बघून त्यांनाच विचारत होता, "काय झालं हो?" कळल्यावर रडला. मामाही गप्प झाले.

डॉ_नि

म्हणूनच आधी विचारलं. मनोरुग्णालयात कोणीही खवळला की लोक आजाराचं नाव घेतात आणि तपास थांबतो. रात्री निदान एवढं करा: ग्लुकोमीटरने साखर, नाडी, बीपी, तापमान, ऑक्सिजन, डोक्याला मार लागला आहे का, दारू शेवटची कधी. लघवी तुंबलेला म्हातारा पेशंट रात्रभर ओरडतो आणि आपण त्याला झोपेचं इंजेक्शन देतो, हे मी पाहिलेलं आहे.

दुसरी गोष्ट स्टाफला सहसा सांगितली जात नाही: अकाथिझिया. सेरेनेससारख्या औषधांनी काही जणांना आतून अशी तगमग होते की एका जागी बसवत नाही. पाय सारखे हलतात, बसला की उठतो, कोणी अडवलं की भडकतो. वॉर्डात त्याला 'अजून व्हायलंट आहे' म्हणून आणखी सेरेनेस मिळतं आणि तगमग वाढते. फेऱ्या मारणाऱ्याला एकदा विचारा, "आतून अस्वस्थ वाटतं की पायांना चैन पडत नाही?" उत्तर डॉक्टरांना कळवा. औषध कमी करून किंवा प्रोप्रॅनोलॉल देऊन फरक पडतो.

माजी_इन्चार्ज_सिस्टर

भाऊ, तुझा धागा वाचून राहवलं नाही. माझी सगळी नोकरी सरकारी मनोरुग्णालयात गेली. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी अशी चार, त्यातलं एक समज. शेकड्यांनी पेशंट आणि हाताच्या बोटांवर स्टाफ, हे मी जन्मभर पाहिलं. तेव्हा माणसं कमी म्हणजे काय, हे मला सांगू नकोस.

आधी कळतं का? बहुतेक वेळा कळतं. पेशंट अचानक मारत नाही, आपलं लक्ष अचानक जातं. आवाज चढतो, मुठी वळतात, बोलणारा गप्प होतो किंवा गप्प असणारा बडबडायला लागतो, दार सोडत नाही, एकाच माणसाकडे टक लावून बघतो. आदल्या रात्री झोप झालेली नसते. हे सगळ्यात आधी दिसतं मामा-मावशींना, आणि हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना, त्यांना कोणी विचारत नाही. माझ्या वॉर्डात मामा हँडओव्हरला उभे असायचे. मेट्रनला (मुख्य नर्सला) पटलं नाही, तरी असायचे.

आणि भांडणाच्या जागा ठरलेल्या असतात. औषधाची रांग, जेवणाची रांग, टीव्हीचा रिमोट, घरी फोन लावायची वेळ, रविवारी नातेवाईक न येणं. आणि 'घरी कधी सोडणार?' हा प्रश्न. त्याला "बघू, डॉक्टर सांगतील" हे उत्तर दहा वेळा मिळालं की अकराव्या वेळी खुर्ची उडते. डॉक्टरांना विचारून खरं उत्तर आण. 'गुरुवारी राउंडला तुमचा विषय आहे' असं सांगितलं तर पेशंट गुरुवारची वाट बघतो. फक्त गुरुवारी तो विषय खरंच निघाला पाहिजे.

तंबाखूचं तर विचारूच नको. गावाकडचा माणूस, जन्मभर तंबाखू-मिशेरी, भरती केल्या क्षणी बंद. दुसऱ्या दिवशी त्याचं डोकं फिरलं तर दोष कुणाचा? आता निकोटीनचे च्युइंगगम मिळतात. डॉक्टरांना लिहून द्यायला सांग.

अंगावर काय घालतोस तेही बघ. गळ्यातली ओळखपत्राची दोरी काढ, कार्ड खिशाला पिनने लाव. खिशात कात्री, टोकदार पेन नको. सिस्टर लोकांनी वेणी वर बांधायची, मंगळसूत्र आत. आणि चिडलेल्या पेशंटजवळ उभं राहताना त्याचा हात आणि पाय पोचणार नाही इतकं अंतर, जरा तिरकं उभं राहायचं, हात समोर दिसतील असे. दार अडवायचं नाही. तुझ्या पाठीशी वाट मोकळी हवी आणि त्यालाही कोंडल्यासारखं वाटता कामा नये.

पाऊसवेडी

सिस्टरना दंडवत. मी पुण्याची, आता इंग्लंडमध्ये मेंटल हेल्थ नर्स. इथे माणसं जास्त आहेत हे खरं, पण काही गोष्टींना पैसे लागत नाहीत.

एक म्हणजे ब्रोसेट यादी, पेशंट अंगावर येईल का याचा अंदाज घ्यायची. नॉर्वेत तयार झालेली, सहा गोष्टींची: गोंधळलेला आहे का, चिडचिडा आहे का, दंगा-आरडाओरडा करतोय का, तोंडी धमकी देतोय का, अंगावर धावून जातोय का, वस्तूंची मोडतोड करतोय का. प्रत्येकीला शून्य किंवा एक. पेशंट नेहमीच कर्कश असेल तर त्याचा गुण नाही, नेहमीपेक्षा वाढला तरच. एक-दोन गुण झाले की मध्यम धोका, डॉक्टरांना तेव्हाच कळवायचं; दोनाच्या वर गेलं की पुढच्या चोवीस तासांत धोका फार जास्त. तुमच्या त्या पेशंटला किडे झटकायला लागला तेव्हाच गोंधळ आणि चिडचिड असे दोन मिळाले असते, आणि फोन ठोसा बसायच्या आधी गेला असता.

धरण्याबद्दल: पालथं नको. छातीवर, पाठीवर, मानेवर, पोटावर कोणाचंही वजन नको. इथे १९९८ मध्ये डेव्हिड बेनेट नावाचा पेशंट नर्सेसनी पालथं दाबून धरलेलं असताना गेला आणि मोठी चौकशी झाली. 'श्वास घेता येत नाही' असं पेशंट म्हणाला तर ते खरं मानायचं. ओरडता येतंय म्हणजे श्वास नीट आहे, ही समजूत चुकीची आहे. एक जण फक्त डोक्याशी. तो तोंडाचा रंग आणि श्वास बघतो, पेशंटशी तोच एकटा बोलतो आणि 'सोडा' हा हुकूमही त्याचाच. बाकीच्यांनी गप्प. इथल्या नाईस या आरोग्य संस्थेची २०१५ ची मार्गदर्शिका सांगते की हाताने धरणं सहसा दहा मिनिटांच्या वर जाऊ नये.

सुटकेचे दोन साधे प्रकार मामांना शिकवाच. केस धरले तर मागे ओढायचं नाही, त्याचा हात आपल्या दोन्ही हातांनी डोक्यावरच दाबून धरायचा. चावला तर हात हिसकायचा नाही, उलट तोंडाकडे ढकलायचा. हिसकल्याने मांस निघतं. बाकीचं धाग्यावर वाचून शिकण्यासारखं नाही, प्रशिक्षकाकडून करून घ्या.

बंड्या_चावडीवाला

हे सगळं लंडनला ठीक. इथे तिघांत डोक्याशी कोण आणि पायाशी कोण?

माजी_इन्चार्ज_सिस्टर

तिघांत धरायचंच नाही, बंड्या. मागे सरायचं, बाकीच्या पेशंटना बाहेर काढायचं, आणि घंटा वाजवून माणसं जमेपर्यंत लांबून बोलत राहायचं. खुर्ची मोडली तर मोडू दे. तिघांनी सहा फुटी माणसावर झडप घातली की नाकं मोडतात. काय झालं ते वर लिहिलंय ना?

कलमबहाद्दर

आता बांधण्याबद्दल. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, लागू झाला २९ मे २०१८ ला. तुमच्या कामाचं कलम ९७.

एकटं कोंडून ठेवायला बंदी. तुमच्याकडे 'सेल' म्हणून खोली असेल तर आजच तिचा वापर थांबवा. (पुढच्या एका उपकलमात कोंडण्याचा उल्लेख राहून गेला आहे, त्यावर वकील मंडळी वाद घालतील. तुम्ही त्यात पडू नका.) बांधता येतं, पण पेशंटला किंवा दुसऱ्याला होणारी ताबडतोबीची इजा टाळायला दुसरा उपायच नसेल तेव्हा, आणि उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाची मंजुरी असेल तर. धोका टळला की सोडायचं. 'सकाळी डॉक्टर येईपर्यंत' ही मुदत कायद्यात कुठेही नाही. कसं बांधलं, का बांधलं, किती वेळ, हे ताबडतोब केसपेपरवर. पेशंटच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे त्याच्या वतीने नेमलेल्या माणसाला, चोवीस तासांत कळवायचं. दर महिन्याला सगळ्या घटनांचा अहवाल याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे. बांधलेल्या माणसावर सतत देखरेख. साखळदंड तर कलम ९५ ने कुठल्याही स्वरूपात बाद. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेल्यांना पळताच आलं नाही. २८ माणसं गेली.

आता तुमच्या मामांचा 'धाक'. कायदा स्पष्ट म्हणतो की शिक्षा किंवा जरब म्हणून बांधायचं नाही. आणि केवळ कर्मचारी कमी म्हणूनही नाही.

रातपाळी

साहेब, तिथेच तर अडलंय. कर्मचारी कमीच आहेत. कायदा म्हणतो त्या कारणाने बांधू नका, आणि बांधलं नाही तर कोणाचं तरी नाक जातं. कायदा करणाऱ्यांनी एक रात्र माझ्या वॉर्डात काढावी.

कलमबहाद्दर

राग रास्त आहे. पण ती जबाबदारी कायद्याने आस्थापनेवर टाकली आहे, आणि तुम्ही सगळे ती आपल्या अंगावर घेऊन बसला आहात. ती परत करायची. प्रत्येक घटनेच्या नोंदीत त्या वेळी वॉर्डात पेशंट किती, स्टाफ किती, डॉक्टरांना फोन किती वाजता केला, ते काय म्हणाले, किती वाजता येऊन बघून गेले, हे लिहा. मेट्रन आणि व्यवस्थापनाला लेखी पत्र द्या, प्रतीवर आवक शिक्का घ्या. तोंडी सांगितलेलं चौकशीत कोणी ऐकत नाही. मामा आणि तुम्ही अशी दोन-तीन नावं पत्रावर असतील तर एकट्यावर रोख येत नाही.

भावाचा_भाऊ

मी स्टाफ नाही. माझ्या थोरल्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. एका नर्सिंग होममध्ये त्याला नायलॉनच्या दोरीने बांधलं होतं. मनगटावरचा वळ गेला, पण तिथून आल्यावर तो कुठल्याच दवाखान्याची पायरी चढेना. औषधं बंद, पुन्हा तीच दशा. धाक बसला म्हणाल तर तो असा बसला.

तुम्हाला दोष देत नाही. पण भरतीच्या वेळी आम्हाला कोणी विचारलंच नाही. डाव्या कानाने त्याला ऐकू येत नाही. मागून कोणी खांद्याला हात लावला की तो दचकून मारतो, घरातल्यांनाही. हे आम्ही दोन मिनिटांत सांगितलं असतं.

नंतर दुसऱ्या ठिकाणी नेलं. तिथल्या सिस्टरनी इंजेक्शनच्या आधी विचारलं, "कुठल्या हातावर देऊ?" त्याने हात पुढे केला. आता तो बरा असताना आम्ही त्याचं आगाऊ निर्देशपत्र करून ठेवलंय, कायद्यात कलम ५ आहे. बांधण्याऐवजी आधी इंजेक्शन द्या, उजव्या बाजूने बोला, मला फोन लावून द्या, असं त्याने स्वतः लिहिलंय.

डॉ_नि

भाऊसाहेब, हे दोन मिनिटांचे प्रश्न मी आमच्या भरतीच्या फॉर्मवर घालतो. आभार.

इंजेक्शनचं राहिलं होतं. सेरेनेस-फिनर्गन (म्हणजे हॅलोपेरिडॉल-प्रोमेथाझिन) ही जोडी वाईट नाही. वेल्लोरला त्यावर चांगला अभ्यास झालाय, २००४ मध्ये छापला, २०० खवळलेले रुग्ण. हॅलोपेरिडॉल-प्रोमेथाझिन आणि लोराझेपाम, दोन्ही गटांत चार तासांनी ९६ टक्के शांत किंवा झोपलेले होते, पण जोडीने लवकर गुण आला. एकटं हॅलोपेरिडॉल मात्र नको, मान आणि जबडा आखडतो. ओलान्झापिनचं इंजेक्शन आणि लोराझेपामचं इंजेक्शन एकापाठोपाठ नको, श्वास मंदावतो. काहीही दिलं तरी आधी तोंडी गोळी विचारून बघा, बरेच जण घेतात. आणि दिल्यावर 'सेटल झाला' म्हणून पाठ फिरवू नका. नाडी, बीपी, श्वास, तापमान, शुद्ध, निदान दर तासाला, सुरुवातीला त्याहून लवकर. झोपलाय की बेशुद्ध आहे, हे हाक मारूनच कळतं.

माजी_इन्चार्ज_सिस्टर

आणि बांधायची मंजुरी मिळालीच तर चादर पिळून नाही, पिळलेली चादर दोरीसारखी रुतते. जाड सुती, चार बोटं रुंद पट्टे शिंप्याकडून अस्तर लावून शिवून घे. पट्ट्याखाली दोन बोटं गेली पाहिजेत. गाठ खाटेच्या चौकटीला, हलत्या कठड्याला नाही. उताणा, डोकं थोडं वर. बोटं निळी-गार पडली का बघायचं, आळीपाळीने एकेक हात-पाय सोडायचा, पाणी पाजायचं, लघवीला विचारायचं. आणि त्या वेळात कोणीतरी शेजारी बसलेला हवाच.

रातपाळी

सगळ्यांचे आभार. ब्रोसेटची सहा कलमं मराठीत लिहून नर्सिंग स्टेशनला लावली. मामांना हँडओव्हरला बोलावतोय, मेट्रन मॅडम हो म्हणाल्या. पत्रावर दोघा मामांनी सही केली, पण दुसऱ्या एका स्टाफ नर्सने नाही केली. पट्ट्यांसाठी शिंप्याकडे उद्या जातो.

मामांचा एकच प्रश्न आहे, तो जसाच्या तसा देतो: "लांबून बोलायचं म्हणता, पण बोलायचं काय?"

माजी_इन्चार्ज_सिस्टर

मामांना सांग, "शांत व्हा" कधीच म्हणायचं नाही, त्याने कोणी शांत झालेला मी पाहिला नाही. आधी नाव सांगायचं आणि नावाने, अहो-जाहो हाक मारायची. "पाटीलदादा, मी नाईटचा मामा. कोणी हात लावणार नाही. काय झालं ते सांगा." मग थांबायचं. शिव्या दिल्या तर ऐकून घ्यायच्या, उत्तर नाही द्यायचं. "जेवणात विष आहे" म्हणाला तर "नाही हो, मी पण तेच जेवलो" असा वाद नको. "तुम्हाला भीती वाटतेय ते दिसतंय. बिस्किटाचा बंद पुडा देऊ का?" असं. आणि निवड द्यायची, दोनच गोष्टींची: "इथे बसून बोलू का बाहेर व्हरांड्यात?", "गोळी घेता का इंजेक्शन?" नियम सांगायचा तर धमकीच्या सुरात नाही: "खुर्ची खाली ठेवली की मी जवळ येऊन ऐकतो."

जे देता येणार नाही ते कबूल करायचं नाही. "उद्या घरी सोडतो" म्हणून गोड बोलून इंजेक्शन दिलं, तर परवाच्या रात्रीला तूच ड्युटीवर असशील.

बंड्या_चावडीवाला

सिस्टर, हे माझ्या सोसायटीच्या मीटिंगला चालेल का?

माजी_इन्चार्ज_सिस्टर

बिस्किटाचा पुडा जवळ ठेव.